एकर, शिवार आणि भूजल : खानदेशातील उपयोजित संशोधनाचे एकक

प्रयोगशाळेत किंवा संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर सिद्ध झालेले तत्त्व व्यवहारातील एखादी अडचण दूर करण्याच्या कामी लावणे, त्यासाठी त्याला साधनाचे, बियाण्याचे वा कार्यपद्धतीचे रूप देणे आणि ते रूप लोकांच्या हाती गेल्यावर काय घडते याची नोंद ठेवणे, या तिन्ही कामांना मिळून उपयोजित संशोधन म्हणता येईल. यांतील पहिली दोन कामे खानदेशात गेल्या चार दशकांत मोठ्या जोमाने झाली. ठिबक सिंचन, ऊतिसंवर्धित केळी, बीटी कपाशी, शिरपूर तालुक्यातील नाल्यांचे खोलीकरण आणि अलीकडचे सौरपंप ही सारी तंत्रे येथे केवळ आली नाहीत, तर रुजली, आणि त्यांतील काहींची मुळे तर येथूनच देशभर पसरली. तिसरे काम मात्र मागे पडले, आणि जेथे ते झाले तेथेही ते बहुधा चुकीच्या मापाने झाले, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

चुकीचे माप म्हणजे चुकीचा आकडा नव्हे. संशोधन ज्या एककावर मोजमाप करते, त्या एककाच्या बाहेर काय घडले हे त्याला दिसत नाही, एवढाच येथे अर्थ अभिप्रेत आहे. कृषी संशोधनाचे एकक परंपरेने प्रयोगाचा वाफा आणि त्यावरून काढलेले दर एकरी वा दर हेक्टरी उत्पादन हे राहिले आहे, आणि बियाणे किंवा खत यांची पारख करण्यासाठी ते पुरेसेही आहे. परंतु भूजल एका शेताच्या बांधाशी थांबत नाही, बोंडअळीचा पतंग सातबारा पाहून अंडी घालत नाही, आणि नदीचे आवर्तन खातेदारापाशी पोहोचण्याआधी दहा गावांतून जाते. ज्या साधनाचा परिणाम शिवारभर होतो त्याची परीक्षा एकराच्या मापाने केली, की साधन उत्तीर्ण होते आणि शिवार अडचणीत येते. शाश्वतता, म्हणजे आजच्या वापरामुळे उद्याच्या वापराची क्षमता न खालावणे, हा गुण एकरात मोजताच येत नाही.

या दृष्टीने पाहता खानदेशातील जलव्यवस्थापनाची सर्वांत जुनी पद्धत अभ्यासकांना अजूनही बरेच काही शिकवू शकते. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धती म्हणजे नदीवर बांधलेला कमी उंचीचा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि त्या पाटाखालच्या थळाची, म्हणजे लाभक्षेत्राची, तीन किंवा चार फडांत केलेली वाटणी. एका फडात त्या वर्षी एकच पीक किंवा सारख्या पाणीगरजेची पिके घ्यायची, उसाचा फड, दुहंगामी पिकांचा फड आणि हंगामी पिकांचा फड आळीपाळीने फिरवायचे, आणि कोणत्या फडात काय लावायचे हे नदीला येणाऱ्या पाण्याचा अंदाज घेऊन पंचांनी ठरवायचे, असा तिचा सर्वसाधारण क्रम होता. बहुतेक खातेदारांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असल्यामुळे उसाचा फड आपल्या वाट्याला येणार नाही, अशी भीती कोणाला सहसा नसे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, पिकाच्या आणि पाटाच्या राखणीसाठी जागल्या आणि त्यांच्यावर देखरेखीला हवालदार असे गावाने नेमलेले लोक असत, आणि शेतकऱ्याने स्वतः दारे फोडून पाणी घेणे हा गुन्हा मानला जाई.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने या व्यवस्थेत विशेष चमत्कार नाही. तिचे बळ निर्णयाच्या एककात होते. पीकरचना फडाची, पाण्याची पाळी फडाची आणि टंचाईच्या वर्षी कपातही फडाची. त्यामुळे नदी आटली तर सर्वांचे क्षेत्र थोडेथोडे घटे, कोणा एकाचे पीक जळून दुसऱ्याचा ऊस तरारे असे होत नसे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्पेन, फिलिपाइन्स आदी देशांतील सामाईक सिंचनव्यवस्था अभ्यासून त्या का टिकल्या याची जी लक्षणे सांगितली, म्हणजे वापरकर्त्यांची निश्चित हद्द, स्थानिक परिस्थितीला जुळणारे नियम, वापरकर्त्यांना उत्तरदायी असलेले राखणदार आणि नियमभंगाला चढत्या श्रेणीचा दंड, त्यांतील बहुतेक पांझरेकाठच्या पाटकऱ्याला तोंडपाठ होती. ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाटकऱ्याला मोबदला धान्याच्या रूपाने मिळे.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. पंच हे गावातील मातब्बर खातेदारांतून येत, स्त्रियांना त्या बैठकीत स्थान नव्हते, आणि ज्याला थळात जमीन नाही त्याला पाण्यावर कसलाही हक्क नव्हता, मग तो रात्रभर पाटावर जागत का असेना. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, नदीचा बारमाही प्रवाह तुटला, विहिरींवर विजेचे पंप बसले आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडाच्या शिस्तीची गरज उरली नाही. पंप हे खासगी साधन होते आणि फड ही सामाईक व्यवस्था होती. दोहोंची गाठ पडल्यावर कोण मागे हटणार हे ठरलेलेच होते. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की पंप आला तेव्हा त्याची अश्वशक्ती आणि त्याखाली भिजणारे क्षेत्र यांची मोजणी झाली, पण त्याने कोणती सामाजिक रचना मोडली याची नोंद संशोधनाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हती.

ठिबक सिंचनाची कथा याच ठिकाणापासून पुढे सुरू होते. १९६५ साली इस्रायलमधील हात्झेरिम या सामूहिक वसाहतीत ज्याच्या व्यावसायिक उत्पादनाचा उद्योग स्थापन झाला, ते तंत्र महाराष्ट्रात शासकीय अनुदानासह ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पसरू लागले, आणि जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी जळगावात उभारलेल्या उद्योगामुळे खानदेश हे त्या प्रसाराचे केंद्र बनले. येथे साधन विकणाऱ्याने साधनाबरोबर पिकाचे शास्त्रही शेतकऱ्याच्या बांधावर नेले, ही या प्रयोगाची खरी नवलाई होती. नळी कोणत्या अंतरावर टाकायची, विद्राव्य खत कोणत्या आठवड्यात किती सोडायचे, ड्रीपर क्षारांनी बंद पडू लागले तर आम्ल किती आणि केव्हा सोडायचे, या बाबी पुस्तकात राहिल्या नाहीत. नव्वदच्या दशकात ग्रँड नैन वाणाची ऊतिसंवर्धित रोपे आली. ऊतिसंवर्धन म्हणजे वनस्पतीच्या वाढत्या कोंबाचा सूक्ष्म भाग निर्जंतुक माध्यमात वाढवून एकसारखी रोपे मोठ्या संख्येने तयार करणे. कंदापासून लावलेली बसराई किंवा श्रीमंती केळी निसवून कापणीला येण्यास दीड वर्षाच्या आसपास काळ घेई. ठिबकाखालची नवी रोपे अकरा-बारा महिन्यांत कापणीला येऊ लागली, बाग एकाच वेळी निसवू लागली, आणि मृगबाग आणि कांदेबाग या जुन्या हंगामांचे गणित बदलून पिलबागेलाही नवा हिशेब आला. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या साऱ्या परिश्रमांचा वाटा आहे, आणि तो नाकारण्याचे कोणालाही कारण नाही.

तथापि ज्या यावल आणि रावेर तालुक्यांत केळीची ही भरभराट झाली, तेच तालुके भूजलाच्या अतिशोषणासाठी ओळखले जातात. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात गाळाचे जाड थर आहेत, पायथ्याशी तर दगडगोट्यांचा झिरपरा पट्टा आहे, म्हणजे भूगर्भात पाणी साठवण्याची क्षमता महाराष्ट्राच्या बहुतांश भागांच्या तुलनेत कितीतरी अधिक आहे. तरीही विहिरी आटल्या, कूपनलिका खोल जात राहिल्या आणि पंप आणखी खाली सोडावे लागले. जे तंत्र पाणी वाचवते असे प्रत्येक एकरात सिद्ध झाले होते, त्याच्याच प्रदेशात पाणी खाली गेले, या विसंगतीचे स्पष्टीकरण दिल्याशिवाय ठिबकाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

स्पष्टीकरणाचे दोन भाग आहेत. पहिला भाग आर्थिक आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयी असे दाखवून दिले होते, की वाफेचे इंजिन जितके काटकसरी झाले तितका त्याचा वापर परवडू लागला आणि कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढला. जेथे पूर्वी दोन एकर केळी भिजे तेथे ठिबकामुळे चार एकर भिजू लागली, तर वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही, ते नव्या दोन एकरांत जाते. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पूर्णपणे शहाणपणाची वागणूक आहे. दुसरा भाग जलशास्त्रीय आहे आणि तो अधिक दुर्लक्षित आहे. मोकाट पाणी दिल्यावर जे मुळांच्या खाली झिरपते, ते सर्वच वाया जात नाही; त्याचा काही अंश पुन्हा भूजलात मिळून शेजारच्या विहिरीत येतो. खऱ्या अर्थाने खर्ची पडते ते पिकाच्या पानांतून आणि मातीतून वाफ होऊन गेलेले पाणी, आणि उत्पादन वाढते तेव्हा हा खर्च सहसा वाढतो, घटत नाही. फ्रँक वॉर्ड आणि मॅन्युएल पुलिदो-वेलाझ्केझ यांनी अमेरिकेतील रिओ ग्रांदे खोऱ्यावर २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणि क्वेंटिन ग्राफ्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलेल्या आढाव्यात हीच गोष्ट पुढे आली : शेताच्या पातळीवरील कार्यक्षमता वाढवण्यासाठी दिलेले अनुदान, एकूण वापरावर मर्यादा नसेल तर, खोऱ्याच्या पातळीवर पाण्याचा वापर वाढवू शकते.

अनुदानाची रचना या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, आणि राज्याच्या पूरक योजनेसह अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत मिळणारे हे साहाय्य संच बसवलेल्या क्षेत्रावर दिले जाते. साहजिकच योजनेचे यश ठिबकाखाली आलेल्या हेक्टरांत मोजले जाते, आणि विहिरीची पाणीपातळी त्या अहवालात येत नाही. संचासाठी आधी पाण्याचा स्रोत हवा असल्यामुळे कोरडवाहू शेतकरी या संशोधनाच्या फळापासून दूरच राहिला, हेही सामाजिक बदलाच्या हिशेबात धरावे लागेल. ठिबकाने खानदेशातील गरीब-श्रीमंतांची दरी निर्माण केली असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण विहीर असणारा आणि नसणारा यांच्यातील अंतर त्याने रुंदावले, हे मान्य करण्यात संकोच नसावा.

पाचोरा, भडगाव, जामनेर या दक्षिणेकडील तालुक्यांकडे वळले की केळीपेक्षा कपाशीचा विषय जवळचा ठरतो, आणि एककाचा प्रश्न येथे अधिकच ठसठशीतपणे दिसतो. बीटी कपाशी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील, बोंडअळ्यांना मारक प्रथिन तयार करणारे जनुक ज्यात घातले आहे अशी कपाशी. भारतात तिला २००२ साली मान्यता मिळाली आणि दोन जनुकांचे वाण २००६ पासून आले. अळीत प्रतिकारशक्ती निर्माण होणार हे शास्त्रज्ञांना प्रारंभापासून ठाऊक होते, म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याची वेगळी पुडी देण्यात येई. ही आश्रयपिकाची पुडी कडेने लावली, तर तिच्यावर वाढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या पतंगांचा संकर बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांशी होतो आणि प्रतिकारक्षमतेची वाढ मंदावते, असा त्यामागचा विचार होता.

विचार निर्दोष होता. तो अमलात आणणारा माणूस मात्र त्यात गृहीत धरलेला नव्हता. आश्रयपीक लावणाऱ्याच्या वाट्याला अळीने खाल्लेल्या ओळी येतात आणि त्याचा लाभ साऱ्या परिसराला मिळतो. उलट न लावणाऱ्याला तोटा काहीच होत नाही, कारण शेजाऱ्याने लावले असेल तर त्याचे संरक्षण आपोआप मिळते. परिणामी ती पुडी घराच्या कोनाड्यात किंवा बांधावर पडून राहिली. तिचे महत्त्व पटवून देणारा कोणी दुकानात भेटत नव्हता, आणि पटले असते तरी एकट्याने लावून उपयोग नव्हता. त्यात खानदेशातील बागायती कपाशीची भर पडली. ठिबकामुळे मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड शक्य झाली, आणि पाण्याची सोय असली की वेचण्या संपल्यावरही पाणी-खत देऊन फरदड मार्चपर्यंत ठेवता येऊ लागली. दोन्ही निर्णय एकट्या शेतकऱ्याला किफायतशीर होते. दोन्ही मिळून गुलाबी बोंडअळीला जवळजवळ वर्षभर अन्न पुरवणारे ठरले. मेमध्ये लावलेल्या कपाशीवर लवकर फुले येतात, त्यांत अळीने पाकळ्या चिकटवून केलेली डोमकळी दिसू लागते, आणि तेथून पुढची पिढी जूनमध्ये लावलेल्या शेजारच्या कोरडवाहू कपाशीवर जाते. २०१७ च्या हंगामात राज्यभर जो प्रकोप झाला, त्यामागील कारणांत हे एक ठळक कारण होते. त्यानंतर कृषी विभागाने १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कपाशीचे बियाणे विकण्यास प्रतिबंध घालण्याचा मार्ग धरला, आणि आश्रयबियाणे वेगळ्या पुडीऐवजी मुख्य पाकिटातच मिसळून देण्याचा पर्याय पुढे आला. दुसरा उपाय पाहण्यासारखा आहे, कारण त्यात शेतकऱ्याच्या सहकार्याची अपेक्षाच सोडून देण्यात आली आहे.

अमेरिकेने २०१८ साली आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे घोषित केले. तेथे बीटी कपाशीबरोबरच वंध्य केलेले पतंग सोडणे, कामगंध सापळ्यांनी गणना करणे आणि हंगामानंतर पऱ्हाट्या नष्ट करणे हे सर्व एका प्रदेशात, एकाच वेळी, उत्पादकांच्या सहभागाने वर्षानुवर्षे करण्यात आले. जनुकाचे तंत्र मुळात तेच होते. तेथील शेताचा आकार आणि येथील शेताचा आकार यांत मोठी तफावत असल्याने तो कार्यक्रम उचलून आणता येणार नाही. पण गाव हे एकक धरून पेरणीची तारीख, फरदड न ठेवण्याचा ठराव आणि सापळ्यांची सामाईक नोंद यांचा प्रयोग पाचोरा तालुक्यातील आठ-दहा सलग गावांत करून पाहण्यास कोणते मोठे भांडवल लागते? फडाच्या पंचांना यापेक्षा अवघड निर्णय दरवर्षी घ्यावे लागत.

शिरपूरच्या प्रयोगाचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे. निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद व खोल करून, त्यांवर बिनदाराचे सिमेंट बंधारे बांधून जे पुनर्भरण घडवले, त्याचे मर्म गाळाच्या भूस्तरात होते : वरचा चिकण थर छेदला की खाली पाणी शोषणारे वाळूचे थर लागत. काळ्या पाषाणाच्या भूमीत, जेथे पाणी फक्त झिजलेल्या थरांत आणि भेगांत मावते, त्याच आकाराचे खड्डे त्याच परिणामाची हमी देत नाहीत. पुढे २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानात यंत्रे सर्वदूर फिरली तेव्हा या भूशास्त्रीय अटीपेक्षा घनमीटर उत्खननाचा आकडा मोठा झाला. पुनर्भरण झालेले पाणी किती विहिरींनी, किती काळ आणि कोणत्या पिकासाठी उपसायचे, हा प्रश्न तर दोन्हीकडे अनुत्तरित राहिला.

सौरपंपाबाबत हीच चूक होण्याचा धोका समोर दिसत आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ पासून सुरू असून, रात्री-अपरात्री वीज येण्याची वाट पाहत शेतात बसण्यापासून शेतकऱ्याची सुटका होते, हा या योजनांचा लाभ लहान नाही. साप-विंचवाच्या भयाने ज्यांनी रात्री दारे धरली आहेत, त्यांना तो सांगावा लागत नाही. पण सूर्यप्रकाश फुकट असल्यामुळे पंप चालू ठेवण्याचा खर्च शून्य होतो, आणि उपसा थांबवण्याचे कोणतेही आर्थिक कारण उरत नाही. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात २०१६ साली आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या संशोधनातून सौरपंपधारकांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि वाचलेली वीज वीज कंपनीला विकण्याची सोय झाली, तेव्हा न उपसलेल्या पाण्याला किंमत आली. उपयोजित संशोधनाचा हा नमुना विशेष मोलाचा आहे, कारण त्यात पंप, वीजमीटर, विक्रीचा करार आणि सभासदांची संस्था या चारही गोष्टी एकाच प्रयोगाचे भाग होत्या.

महाराष्ट्रातही अशा जोडकामाची परंपरा आहे. नाशिक जिल्ह्यात ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास वाघाड धरणाखाली पाणीवापर संस्था उभ्या केल्या, पाणी घनमापनाने मोजून घेण्याची पद्धत पाडली, आणि पुढे साऱ्या प्रकल्पाचे वाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्यात व्यवस्थापन समितीवर स्त्रियांना स्थान आहे, जे फडाच्या पंचांत नव्हते. अटल भूजल योजनेतून गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडण्यास प्रारंभ झाला. ताळेबंद भिंतीवर रंगवला जातो. त्यानुसार पीक बदलले का, हे पाहण्याचे काम मात्र कोणाच्या तरी नेमून दिलेल्या कर्तव्यात असावे लागते, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिघातील महाविद्यालयांना, त्यांत पाचोऱ्याचेही आले, हे काम सहज पेलण्यासारखे आहे. एका गावातील ठरावीक विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणे, केळी, कपाशी, मका यांचे क्षेत्र नोंदवणे, वेचणीचा दर आणि वेचणाऱ्या स्त्रियांच्या कामाचे दिवस टिपणे, आणि हे सलग दहा वर्षे न थांबता करणे, याला उपकरणे फारशी लागत नाहीत. लागते ते पदवीच्या वेळापत्रकाबाहेर टिकणारे चिकाटीचे नियोजन.

अशा नोंदींची गरज गिरणेच्या काठी लवकरच भासेल. नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झाले, आणि त्याच्या आवर्तनावर चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल या तालुक्यांची शेती आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना अवलंबून आहेत. धरणाखालच्या नदीपात्रात सात ठिकाणी बलून बंधारे बांधण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत असून त्यांच्या जागांमध्ये पाचोरा तालुक्यातील परधाडे आणि कुरंगी यांचा समावेश आहे. बलून बंधारा म्हणजे काँक्रीटच्या पायावर आडवी बसवलेली, हवा भरून फुगवता येणारी जाड रबरी पिशवी. पूर आला की हवा सोडून ती खाली बसवायची आणि पुराचा जोर ओसरला की पुन्हा फुगवून पाणी अडवायचे, त्यामुळे पक्क्या बंधाऱ्याप्रमाणे गाळ साचत नाही आणि पुराला अडथळा होत नाही. तंत्र म्हणून ते योग्यच वाटते. पण पिशवी फुगवण्याचा आणि सोडण्याचा निर्णय कोणाचा, वरच्या बंधाऱ्याने आधी अडवले तर खालच्या गावाचे काय, फुगवट्याशेजारी वाढणाऱ्या विहिरींना आणि उपसा योजनांना मर्यादा कोणती, नदीतून वाळू उपसली गेली तर पात्रातील साठ्याचे काय होते, आणि काठापासून आत असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा या पाण्यावर हक्क आहे की नाही, हे प्रश्न रबराच्या दर्जाइतकेच तांत्रिक आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आजच्या नदीची, आजच्या विहिरींची आणि आजच्या पीकरचनेची नोंद काम सुरू होण्याआधी हाती असणे आवश्यक आहे. बंधारे झाल्यावर ती घेता येत नाही. परधाडे ते कुरंगी या पट्ट्यातील दोन्ही काठांच्या गावांत पुढच्या मे महिन्यात विहिरींची पहिली मोजणी झाली, आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवले गेले, तर तिसरे काम तेथून सुरू होईल.